ग्रॅनोलाचे पाकीट आणि आपली कढई

गेल्या काही वर्षांत शहरातल्या मोठ्या दुकानांत ‘ग्रॅनोला’ नावाचे पाकीट दिसू लागले. आता ते वस्तीच्या तोंडाशी असलेल्या किराणा दुकानातही आले आहे. पाकिटावर बदाम, मनुका, मधाचा थेंब आणि हसरे कुटुंब असते. कॉलेजात जाणाऱ्या आपल्या मुली विचारतात, “हे खाल्ले की ताकद येते का? वजन कमी होते का?” आरोग्य शिबिरात हा प्रश्न आम्हाला इतक्या वेळा विचारला गेला, की त्यावर एकदाच सविस्तर लिहावे असे ठरवले.

आमचे मत सुरुवातीलाच सांगतो. ग्रॅनोला वाईट नाही, पण ते पाकीट आपल्याला परवडणारे नाही आणि त्याची गरजही नाही. त्यात जे चांगले आहे ते आपल्या कढईत निम्म्याहून कमी पैशांत होते. खरा प्रश्न वेगळा आहे. आपल्या घरातली बाई आणि शाळेत जाणारे लेकरू सकाळी पोटात काय घालून बाहेर पडतात? त्याचे उत्तर बहुतेक घरांत चहा-बिस्कीट, चहा-खारी किंवा चहा-टोस्ट असे आहे. आमची लढाई ह्या उत्तराशी आहे.

आधी ग्रॅनोला म्हणजे काय ते पाहू. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या डॅन्सव्हिल गावी डॉ. जेम्स केलेब जॅक्सन यांचे आरोग्यधाम होते. तिथल्या रोग्यांसाठी त्यांनी १८६३ साली कोंड्यासकट दळलेल्या गव्हाच्या पिठाची रोटी पुन्हा पुन्हा भाजून तिचा चुरा केला आणि त्याला ‘ग्रॅन्युला’ नाव दिले. तो इतका कडक असे की रात्रभर भिजवल्याशिवाय खाता येत नसे. पुढे बॅटल क्रीक इथल्या डॉ. जॉन हार्वी केलॉग यांनी तसाच पदार्थ काढला, नावावरून वाद झाला आणि त्यांनी ‘ग्रॅनोला’ हे नाव घेतले. आज आपण पाहतो तो ओट्स, सुकामेवा, मध आणि तेल घालून भट्टीत भाजलेला प्रकार १९६० च्या दशकात तिथल्या तरुणांनी लोकप्रिय केला. म्हणजे मुळात ते रोग्याचे साधे खाणे होते. धान्य भाजायचे, त्यात दाणे आणि गोड घालायचे आणि कोरडे करून ठेवायचे, एवढीच ती युक्ती.

ही युक्ती आपल्याला नवीन नाही. ज्वारीच्या लाह्या, भाजके पोहे, फुटाणे, शेंगदाण्याची चिक्की, तिळाचे लाडू, सातूचे पीठ ही सगळी तीच जात. आपल्याकडे ओट्स पिकत नाहीत म्हणून आपण अडलो, असे काही नाही.

इथे एक गोष्ट स्पष्ट करू. ‘पूर्वीचे खाणेच चांगले होते’ असे म्हणणाऱ्यांपैकी आम्ही नाही. आपल्या आज्या-पणज्यांच्या वाट्याला आलेले खाणे अपुरे होते, शिळे होते आणि अनेकदा अपमान गिळून मिळालेले होते. १९२७ साली महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या जनावराचे मांस आणि उष्टे तुकडे सोडा असे आवाहन केले, ते काही हौसेने नव्हे. त्यामुळे ज्या आईने स्वतः कोरडी भाकर खाऊन दिवस काढले, तिला आपल्या लेकराच्या हातात चकचकीत पुडा देताना समाधान वाटते. ते समाधान आम्ही समजू शकतो. पुडा म्हणजे सुधारणा, मैदा म्हणजे मोठ्या घरचे खाणे आणि ज्वारी-बाजरी म्हणजे गरिबी, असे आपल्याला वर्षानुवर्षे शिकवले गेले. मग २०२३ हे संयुक्त राष्ट्रसंघाने भरडधान्यांचे आंतरराष्ट्रीय वर्ष जाहीर केले आणि तीच ज्वारी, बाजरी, नाचणी ‘मिलेट’ नावाने मॉलमध्ये चौपट भावाने विकायला आली. आपण सोडलेली भाकरी विकत घेणारे आता दुसरेच आहेत. आपण मात्र पाच रुपयांच्या पुड्यावर आलो.

हे केवळ आवडीनिवडीचे प्रकरण नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या दर शंभर स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. सहा महिने ते पाच वर्षांच्या बालकांत हे प्रमाण शंभरात ६९ च्या आसपास होते. हा सगळ्या राज्याचा, सगळ्या थरांचा आकडा आहे. वस्तीत काम करताना आम्हाला तो चेहऱ्यावर दिसतो. पापणीची आतली बाजू पांढरी, नखे फिकट, दोन जिने चढले की धाप. पहाटे पाचला उठून चार घरची धुणी-भांडी करणारी, नाक्यावर उभी राहणारी, झाडू मारणारी बाई दुपारी दोनपर्यंत चहावर असते. तिला चक्कर आली की लोक म्हणतात, “अशक्तपणा आहे, सलाईन लावा.” पाचशे-सातशे रुपये देऊन सलाईन लावले जाते. त्या बाटलीत बहुधा मीठ-पाणी किंवा साखर-पाणी असते. त्याने रक्त वाढत नाही. ह्याच पैशांत तिच्या महिनाभराच्या नाश्त्याची सोय झाली असती.

चहा-बिस्किटाचे गणित उघड आहे. पुड्याच्या मागे घटक लिहिलेले असतात. कायद्याने ते वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहावे लागतात. जे सर्वात जास्त ते आधी. बिस्किटाच्या पुड्यावर पहिली तीन नावे वाचा. बहुतेकदा मैदा, साखर आणि पामतेल हीच असतात. ग्रॅनोलाच्या पाकिटावरही हाच नियम लावा. ओट्सनंतर लगेच साखर, ग्लुकोज सिरप, इन्व्हर्ट सिरप अशी नावे आली, तर ती सगळी साखरेचीच भावंडे समजा. पुढच्या बाजूला छापलेला बदाम मागच्या यादीत कितव्या क्रमांकावर आहे तेही पाहा. कित्येकदा तो शंभरात दोन-तीन ग्रॅम निघतो. घरात इंग्रजी वाचणारी शिकलेली पोर असेल, तर तिला हे काम द्या. तिच्या शिक्षणाचा घराला असाही उपयोग आहे.

‘हेल्थ’ ह्या शब्दालाही भुलू नका. दूध-साखर-कोको मिसळून केलेल्या पुडींना वर्षानुवर्षे ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकले गेले. आपल्या अन्नसुरक्षा कायद्यात ‘हेल्थ ड्रिंक’ अशी व्याख्याच नाही. एप्रिल २०२४ मध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये त्या वर्गातून काढा, असे कळवले. तोपर्यंत किती आयांनी लेकराची उंची वाढेल म्हणून पोटाला चिमटा काढून त्या बरण्या घेतल्या असतील, विचार करा.

आता कढईकडे वळू. खालील प्रमाणात सुमारे ११०० ग्रॅम मिश्रण होते.

जाडे पोहे २५० ग्रॅम, शेंगदाणे २५० ग्रॅम, ज्वारीच्या लाह्या १५० ग्रॅम, डाळे म्हणजे चिवड्यात घालतो ती फुटाण्याची डाळ १५० ग्रॅम, गूळ १५० ग्रॅम, तीळ ५० ग्रॅम, जवस ५० ग्रॅम, मनुका ५० ग्रॅम, दोन चमचे तेल आणि चिमूटभर मीठ. लाह्या मिळाल्या नाहीत तर मुरमुरे चालतील, पण लाह्यांत अख्खे धान्य असते म्हणून आमची पसंती लाह्यांना. मनुका महाग वाटल्या तर बिया काढून चिरलेला खजूर घ्या.

आधी शेंगदाणे निवडा. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे किंवा चवीला कडू दाणे फेकून द्या. बुरशीचे विष यकृताला घातक असते आणि ते भाजल्याने पूर्ण जात नाही. स्वस्त मिळतात म्हणून ओलसर, खवट दाणे घेऊ नका. लोखंडी कढईत मंद आचेवर दाणे आठ-दहा मिनिटे भाजा. साले काढत बसू नका. मग पोहे भाजा. बोटांत चुरडले की कुरकुरून मोडले पाहिजेत. तीळ तडतडेपर्यंत भाजा. जवस भाजताना झाकण ठेवा, ते उडते. भाजल्यावर जवस खलबत्त्यात जाडसर कुटा. अख्खे जवस न पचता तसेच बाहेर पडते, मग ते खाऊन उपयोग काय?

आता त्याच कढईत तेल, किसलेला गूळ आणि तीन चमचे पाणी घाला. गूळ विरघळून फेस आला, दोन बोटांत एक तार दिसली की पुरे. चिक्कीसारखा कडक पाक करायचा नाही. सगळे कोरडे जिन्नस आणि मीठ त्यात टाकून भराभर हलवा. मंद आचेवर आणखी चार-पाच मिनिटे परता, म्हणजे ओल निघून जाईल. परातीत पसरून पूर्ण गार होऊ द्या. मनुका किंवा खजूर गार झाल्यावरच घाला. गरम असताना घातले तर ते कडक होतात आणि डबा बंद केला तर वाफ धरून सगळे मऊ पडते. कोरड्या, घट्ट झाकणाच्या डब्यात हे दोन-तीन आठवडे टिकते. पावसाळ्यात आठ-दहा दिवसांचेच करा. ओला चमचा घालू नका.

खर्चाचा हिशोब असा. आमच्या भागातल्या किराणा भावाने वरचे सगळे जिन्नस आणि गॅस धरून १५० ते १६० रुपये लागले. ५० ग्रॅमची एक वाटी धरली तर २२ वाट्या होतात. म्हणजे वाटीला सुमारे सात रुपये. तुमच्या दुकानाचे भाव घालून तुम्ही हिशोब करून पाहा. बाजारातल्या ग्रॅनोलाची तेवढीच वाटी वीस-पंचवीस रुपयांच्या खाली क्वचितच पडते. बिस्किटाचा पुडा पाच रुपयांचा आहे, हे आम्हाला माहीत आहे. म्हणजे आपली वाटी दोन रुपयांनी महाग आहे. चार माणसांच्या घरात महिन्याला हा फरक अडीचशे रुपयांच्या घरात जातो आणि तो लहान नाही. पण त्या वाटीत एका अंड्याइतकी, म्हणजे सुमारे सहा ग्रॅम प्रथिने आहेत. तेवढ्याच वजनाच्या बिस्किटात साधारण निम्मी असतात. ही वाटी दुपारपर्यंत पोटाला आधार देते. बिस्कीट तासाभरात विरते आणि मग अकरा वाजता वडापाव घ्यावा लागतो. तो वडापाव हिशोबात धरा.

“पण बदाम नको का?” असे कोणी विचारले तर सांगा, शंभर ग्रॅम शेंगदाण्यात प्रथिने सुमारे २४ ग्रॅम असतात आणि बदामात त्याहून थोडी कमीच. बदामाचेही आपले गुण आहेत, पण भावातला फरक पाहता शेंगदाण्याला गरिबाचा बदाम म्हणून हिणवण्याचे कारण नाही.

खाताना वर ताजे फळ घ्या. केळे पोट भरते. पेरू असेल तर उत्तम. पेरूत ‘क’ जीवनसत्त्व भरपूर असते आणि धान्य-दाण्यांतले लोह अंगी लागायला त्याची मदत होते. पेरू नसेल तर आवळा, संत्रे किंवा नुसते लिंबूपाणी. परदेशी सुक्या बेरी शोधत फिरू नका. चहा मात्र ह्याच्या बरोबर घेऊ नका. चहा अन्नातले लोह अडवतो. तासभर आधी किंवा नंतर घ्या. चहा सोडा असे आम्ही म्हणत नाही. पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला चहा सोड म्हणणे सोपे आहे, पण तिच्या जागी उभे राहून पाहावे.

आता काही सावधगिरी. पाच वर्षांखालच्या बालकाला अख्खे दाणे, डाळे, लाह्या देऊ नका. घशात, श्वासनलिकेत अडकून जीव जाऊ शकतो. त्यांच्यासाठी हेच मिश्रण बारीक दळून कोमट दुधात किंवा पाण्यात कालवून द्या. सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचे दूध, दुसरे काही नाही. शेंगदाणे खाल्ल्यावर अंगावर गांधी उठणे, ओठ सुजणे किंवा दम लागणे असे झाले तर ताबडतोब दवाखाना गाठा आणि पुन्हा शेंगदाणे देऊ नका. मधुमेह असेल तर गूळ घालू नका, मनुका-खजूरही वगळा. गूळ म्हणजे साखर नव्हे, हा गैरसमज आहे. रक्तातली साखर दोन्हींनी वाढते. मूत्रपिंडाचा आजार असेल तर डॉक्टरांना विचारूनच खा.

दुसरा मोठा गैरसमज, “गूळ-शेंगदाणे खा, रक्त वाढेल.” तरुण स्त्रीला दिवसाला सुमारे २९ मिलिग्रॅम लोह लागते. आपल्या ह्या वाटीतून जेमतेम दोन मिलिग्रॅम मिळते. वाटी चांगली आहे, पण ती औषध नाही. रक्त कमी असेल तर तपासणी करून लोहाच्या गोळ्या घ्याव्याच लागतील. ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात किशोरवयीन मुलींना आठवड्याला एक निळी गोळी, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आठवड्याला एक गुलाबी गोळी आणि गरोदर बाईला निदान १८० दिवस रोज एक लाल गोळी मोफत मिळते. ‘मळमळते’, ‘शौचास काळे होते’ म्हणून गोळ्या माळ्यावर पडून राहतात. शौचास काळे होणे ह्या गोळीने होतेच, त्यात घाबरण्यासारखे नाही. मळमळत असेल तर जेवणानंतर घ्या, पण चहा-दुधाबरोबर नको. जंताची गोळीही सांगितली तेव्हा घ्या. पोटात जंत असतील तर आपण घातलेले तेच खातात.

राहिला सर्वात अवघड मुद्दा. हे भाजायचे कोणी? सगळे वाचून घरची बाईच कढई चढवणार असेल आणि डबा भरल्यावर आधी नवरा, मग मुलगा, मग मुलगी आणि तळाचा चुरा ती स्वतः खाणार असेल, तर ह्या लेखाचा काही उपयोग झाला नाही. रक्त तिचे कमी आहे. म्हणून वाटी मोजून भरा आणि पहिली वाटी घराबाहेर आधी पडणाऱ्या बाईची. दाणे निवडायला, जवस कुटायला घरातल्या पुरुषांनी आणि पोरांनी बसावे. त्याने कोणाचा मान जात नाही.

ह्याहून सोपा मार्ग आहे. महिन्यातून दोनदा रविवारी वंदना झाल्यावर विहाराच्या आवारात दहा घरांनी मिळून भाजावे. जिन्नस होलसेलने आणले तर भाव कमी पडतो, गॅस वाचतो, आणि ज्या घरात एकच बर्नरची शेगडी आहे त्यांचीही सोय होते. बचत गटाने जिन्नसाचे पैसे आधी घालावेत आणि प्रत्येक घराने हप्त्याने फेडावेत. चैत्यभूमीला, दीक्षाभूमीला जाताना आपण शिदोरी बांधतोच. त्यात हा डबा असला की गाडीत लेकरांना पुडे घ्यावे लागत नाहीत. शिबिरात आलेल्या बायांनी हे करून पाहिले तेव्हा भाजता भाजता पाळीच्या तक्रारी, धाप, गोळ्यांची भीती असे विषय निघाले. दवाखान्याच्या रांगेत ज्या गोष्टी बाई बोलत नाही त्या ती कढईशेजारी बोलते.

पण सगळा भार कढईवर टाकून सरकारला मोकळे सोडता येणार नाही. २०१३ च्या राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबातल्या माणसाला महिन्याला पाच किलो धान्य मिळते. ते आपल्याला मिळते, ते हक्काचे आहे आणि त्यावरच कित्येक घरे तगली आहेत. पण त्यात प्रामुख्याने तांदूळ आणि गहू असतात. डाळ, शेंगदाणे, तेल ह्यांचे काय? नुसत्या भाताने पोट भरेल, रक्त भरणार नाही. तमिळनाडू सरकारने सप्टेंबर २०२२ पासून सरकारी प्राथमिक शाळांतल्या मुलांना सकाळचा गरम नाश्ता द्यायला सुरुवात केली. तिथे होऊ शकते तर आपल्या महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळांत का नाही? आपल्या वस्तीतली मुले उपाशीपोटी प्रार्थनेला उभी राहतात आणि चक्कर येऊन पडली की ‘अभ्यास करत नाही’ म्हणून बोलणी खातात. शिक्षणाची गोष्ट आपण अभिमानाने करतो. उपाशी लेकराच्या डोक्यात गणित शिरत नाही, हेही त्याच गोष्टीत बसते.

म्हणून ह्या महिन्यात तीन कामे करा. घरातल्या प्रत्येक बाईचे आणि मुलीचे हिमोग्लोबिन जवळच्या सरकारी दवाखान्यात तपासून आकडा वहीत लिहा. शेजारची चार घरे धरून एकदा हे मिश्रण भाजा आणि महिनाभर चहा-बिस्किटाच्या जागी ठेवून पाहा. आणि अंगणवाडीत, शाळेत, रेशन दुकानात काय मिळते, काय मिळायला हवे, ह्याचे एक निवेदन विहारातल्या पुढच्या बैठकीत सह्या घेऊन तयार करा. बारा आठवड्यांनी हिमोग्लोबिन पुन्हा तपासा. नवा आकडा वहीतल्या जुन्या आकड्याशेजारी लिहा आणि तो वाढला नसेल तर डॉक्टरांना दोन्ही आकडे दाखवा.